गुहेतला समुद्र

रोहिणीचं पत्र आलं तेव्हा माझी पोळी तव्यावर होती. पोस्टमनने दारातूनच हाक मारली, "शिरोडे काका, पत्र आहे. बँकेचं नाही, हाताने लिहिलेलं!" मला हाताने लिहिलेलं पत्र यावं, ही त्यालाही बातमी वाटली असावी. गॅस तसाच ठेवून मी पाकीट फोडलं. पत्र दोनदा वाचून होईपर्यंत पोळीचा कोळसा झाला होता.

'काका, मी तुम्हाला आठवत नसेन. पाटबंधारे खात्यातल्या खंडागळ्यांची रोहिणी. शनिवारी तुम्ही वाचून दाखवायचात ते अस्वलाचं पुस्तक मला हवं आहे. माझा मुलगा पाच वर्षांचा आहे, त्याला झोपताना वाचून दाखवते. दुकानातली सगळी पुस्तकं संपली. एकदा त्याला या पुस्तकाबद्दल सांगून बसले आणि आता तो दुसरं काही ऐकायला तयार नाही. मी आठवून सांगते, पण मधलं काहीतरी सुटतं आणि तो लगेच पकडतो. पुस्तक कुठे मिळेल? नाहीच मिळालं, तर तुम्हाला आठवतं तसं लिहून पाठवाल का?'

खाली पुण्याचा पत्ता होता.

मी उत्तर दिलं नाही. नुकताच निवृत्त झालो होतो, वेळच वेळ होता. कागद घेऊन बसायचो, 'चि. रोहिणीस' एवढं लिहायचो आणि उठायचो. कारण त्या पत्राला खरं उत्तर एकच होतं : ते पुस्तक कुठेच मिळणार नाही, कारण असं पुस्तक कधी नव्हतंच. एका आईला हे कसं लिहायचं ते मला कळेना.

खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी मी वाचनालयात नोकरीला होतो. पुस्तकं देणं, घेणं, कपाटं पुसणं. बोलायचं काम कमी, म्हणूनच मी तिथे टिकलो. बोलताना माझी जीभ अडते. दुसऱ्याचं लिहिलेलं वाचताना मात्र अडत नाही. का, ते मला आजही सांगता येणार नाही. ही गोष्ट आमच्या कार्यवाहांना, कोतकर अण्णांना, ठाऊक होती. एप्रिलच्या शेवटी ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"शिरोडे, सुट्टी लागली की पोरं येतात, माठातलं गार पाणी पितात, फरशीवर लोळतात आणि निघून जातात. पुस्तकाला बोट लावत नाहीत. शनिवारी दुपारी तुम्ही त्यांना वाचून दाखवा."

"मी?"

"नाही, माठ दाखवेल."

"अण्णा, मला ज... मला ते..."

"वाचायचंय हो, भाषण नाही ठोकायचं. तोंडासमोर पुस्तक धरलं की झालं."

मी शब्दशः तसंच केलं. भिंतीकडे जरा वळून बसायचो आणि पुस्तक असं धरायचो की मुलांना माझं तोंड दिसू नये, मला मुलांचं. बाहेर ऊन इतकं कडक असायचं की रस्त्यावर कुत्रंही नसे. पंधरावीस मुलं फरशीवर पालथी पडून ऐकायची. आदल्या दिवशी मी प्रत्येक गोष्ट घरी दोनदा मोठ्याने वाचून यायचो. एका खोलीत एकटा माणूस अस्वलाचा आणि कोल्ह्याचा आवाज काढतोय, हे खालच्या बिऱ्हाडाला ऐकू जात असणार. त्यांनी कधी विचारलं नाही, हे त्यांचे उपकार.

एका शनिवारी, मी वाचायची तयारी करून ठेवलेलं पुस्तक अण्णांनी स्वतःच्या नातवासाठी नेलं होतं. मुलं तर येऊन पडलेली. नुकतेच बाइंडिंग होऊन आलेले गठ्ठे कोपऱ्यात होते, त्यातलं निळ्या रेक्झिनचं एक पातळ पुस्तक उचललं. गबदू नावाचं अस्वलाचं पिल्लू. सकाळी उठतं तर आई शेजारी नाही. मग ते मधमाश्यांना विचारतं, नदीला विचारतं, साळिंदराला विचारतं. साधीच गोष्ट होती, पण मुलांचं लोळणं थांबलं होतं. गबदू डोंगरापलीकडच्या गुहेपाशी आला. पान संपत होतं. मी वाचलं :

"गबदूने गुहेत डोकं घातलं आणि पाहिलं, तर आत"

पान उलटलं. पुढे होतं : 'शिडाला भोक पडल्यामुळे नाव एकाच जागी गोल गोल फिरू लागली.'

पानांचे आकडे बरोबर होते. सोळानंतर सतरा. मी पुन्हा मागे पाहिलं, पुन्हा पुढे. फरशीवरून आवाज आला, "आत काय, काका?"

त्या वेळी पुस्तक मिटून 'बाइंडरची चूक झाली' असं सांगायला हवं होतं. पण ते स्वतःच्या शब्दांत सांगावं लागलं असतं, वीस पोरांसमोर, अडत अडत. मी पुस्तक आणखी वर धरलं.

"तर आत समुद्र होता," मी म्हणालो. "समुद्रात एक नाव होती. तिच्या शिडाला भोक पडल्यामुळे नाव एकाच जागी गोल गोल फिरू लागली."

मग एक मुलगी उठून बसली. दोन वेण्या, गुडघ्याला खपली. मार्चमध्ये बदलून आलेल्या खंडागळे साहेबांची रोहिणी. चौथीची परीक्षा दिलेली.

"गुहेत समुद्र कसा असेल?"

मी पुढची ओळ शोधू लागलो.

"मावला कसा?"

"गप ना गं," प्रल्हाद नावाचा एक दांडगट मुलगा म्हणाला. "तुमच्या गावी समुद्र नसेल. आमच्याकडं असतो गुहेत."

"तुमच्याकडे नळाला पाणी नसतं!"

सगळी हसली. रोहिणी माझ्याकडेच बघत होती. "सांगा ना काका. कसा मावला?"

"पु... पुस्तकात लिहिलंय," मी म्हणालो.

तिचं समाधान झालं आणि ती पुन्हा पालथी पडली. पुस्तकात आहे म्हटल्यावर मुलं फार वाद घालत नाहीत.

पुढच्या पानांत गबदू नव्हता. एक म्हातारा नावाडी होता, फाटकं शीड होतं. पण मुलं गबदूची वाट पाहत होती. मग गबदू नावेत चढला आणि शिडाच्या भोकाला पाठ लावून बसला. वाऱ्याने त्याच्या पाठीचे केस उडू लागले आणि नाव सरळ चालायला लागली. मी चाचरतोय का, हे ऐकायला मी थांबलो नाही. थांबलो असतो तर चाचरलोच असतो. "आज एवढंच," असं म्हणून पुस्तक मिटलं तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता.

सगळे गेल्यावर पुस्तक नीट पाहिलं. एवढी पातळ पुस्तकं दोन-दोन फर्म्यांची असतात, म्हणजे सोळा-सोळा पानांचे दोन गठ्ठे. कव्हरं काढून सगळी एकत्र शिवायला घेतली की बाइंडर फर्मे आकड्यांवरून लावतो. त्याने एका गोष्टीचा पहिला फर्मा आणि भलत्याच गोष्टीचा दुसरा फर्मा एकत्र शिवून टाकला होता. उरलेले दोन अर्धे कुठे गेले, ते सगळे गठ्ठे उपसूनही सापडलं नाही. गबदूची आई कुठे गेली होती, हे आता मला कळणार नव्हतं. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर नावाडी घरी पोचून पोटभर मासे-भात खातो. बस.

पुढच्या शनिवारी दुसरं पुस्तक घेऊन बसलो, तर पोरांनी आरडाओरडा केला. "गबदू! गबदू!"

मग आठवडाभर मी गबदूत असायचो. वरण ढवळताना, वाचनालयाकडे चालत येताना, पावत्या फाडताना. आयुष्यात मी स्वतःची एक ओळ लिहिली नव्हती. एवढी चांगली पुस्तकं कपाटात उभी असताना आपण कशाला भर घालायची, असं वाटायचं. आताही लिहिलं नाही. फक्त शनिवारी ते निळं पुस्तक तोंडासमोर धरायचो, अधूनमधून पान उलटायचो आणि वाचल्यासारखं बोलायचो. नावाड्याने गबदूला गाठी मारायला शिकवल्या. एका बेटावर आरशांची झाडं लागली. गबदूने त्यात पाहिलं, तर क्षणभर त्याला वाटलं, आईच दिसली. पोरं श्वास रोखून ऐकायची. नवी पोरं यायला लागली. अण्णा एकदा दारात उभं राहून ऐकून गेले आणि म्हणाले, "झकास पुस्तक आहे हो. लेखक कोण?"

"कव्हर गेलंय, अण्णा."

मे संपत आला. सुट्टीतला शेवटचा शनिवार जवळ आला होता. मंगळवारी दुपारी रोहिणी एकटीच आली. माठातलं पाणी प्यायली, पेला पालथा घातला आणि माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"काका, एक विचारू?"

मी मान हलवली.

"गबदूची आई शेवटी सापडते का?"

"श... शनिवारी कळेल."

"मला आधीच सांगा. सापडत नसेल तर मी शनिवारी येणार नाही."

तिच्या घरी वडील आणि आत्या होत्या. आई नव्हती. हिवाळ्यात गेली होती, बदलीचा अर्ज साहेबांनी त्यानंतरच दिला होता. तालुक्याच्या गावात हे सगळ्यांना ठाऊक असतं. मलाही होतं. मी निळं पुस्तक खणात सरकवलं.

"पुस्तकात असेल तेच मी वाचणार," मी म्हणालो. याहून भित्रं वाक्य मला सुचलं नसतं.

"मग मला द्या. मीच बघते. माझं कार्ड आहे."

"ते बा... बाहेर देत नाहीत."

"का?"

"का म्हणजे..."

नेमके अण्णा आत आले. "काय हवंय बाळ तुला?"

"अस्वलाचं पुस्तक. काका देत नाहीत."

"अहो शिरोडे, वाचनालय आहे की तिजोरी? पोरगी आपणहून पुस्तक मागतेय, आणि तुम्ही खणात दडवताय! द्या आधी."

मी दिलं. तिने ते छातीशी धरलं आणि उन्हातून पळत गेली.

तीन रात्री मला झोप नाही. घरी जाऊन ती पान उलटेल. गुहेत समुद्र नाही. नावेत गबदू नाही. आरशांची झाडं नाहीत. शेवटी एक म्हातारा मासे-भात खातोय. शनिवारी सगळ्यांसमोर उभी राहून ती सांगेल, काका खोटं वाचतात. शुक्रवारी मी आजारपणाची चिठ्ठी लिहिली. पण ती नेऊन द्यायची तर अण्णांशी बोलावं लागणार होतं, म्हणून फाडली.

शनिवारी मी भिंतीकडे आणखीच वळून बसलो. फरशी भरली होती. रोहिणी सर्वांत शेवटी आली. पुस्तकाला घरी वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं. तिला पाहताच प्रल्हाद ओरडला, "हिनं घरी नेलं होतं! ए, सांग ना, शेवटी काय होतं? आई सापडते का?"

सगळ्यांची तोंडं तिच्याकडे वळली. ती मुलांच्या मधून वाट काढत माझ्यापर्यंत आली.

"मला नाही माहीत," ती म्हणाली. "मी नाही वाचलं."

"थापा!"

"आत्याने वेळच दिला नाही. पापड लाटायला बसवलं मला." तिने पुस्तक माझ्या हातात दिलं आणि अगदी हळू म्हणाली, "काका, नीट वाचा हं. घाईत वाचू नका."

मग ती नेहमीच्या जागी न बसता माझ्या खुर्चीच्या पायाशी बसली. तिथून पुस्तकाचं फक्त कव्हर दिसायचं.

माझ्या जिवात जीव आला. हिने वाचलेलं नाही! एवढाच विचार डोक्यात होता. मी शेवट ठरवून आलो होतो : आई बेटावर भेटते, गबदूला पोटाशी घेते, सगळे आनंदात. सोपा होता. मी सुरुवात केली. नाव बेटाला लागली. आणि खाली, माझ्या पायाशी, ती दोन वेण्यांमधली सरळ भांगाची रेघ दिसली. तो शेवट तोंडातून निघेना. जीभ अडली म्हणून नव्हे.

मी पान उलटलं. थांबलो. पुन्हा वाचायला लागलो.

बेटावर आई नव्हती. गबदू नावेतून परत निघाला. समुद्र ओलांडून, गुहेतून बाहेर, डोंगर उतरून घरापाशी आला. खूप दिवस गेले होते. दाराशी वाळलेल्या चिखलात एक ठसा होता. आईच्या पावलाचा. निघताना गबदूने तो पाहिला होता, तेव्हा तो एवढा मोठा होता की त्यात गबदू बसू शकला असता. आता त्याने हळूच आपलं पाऊल त्या ठशात ठेवलं.

"ते बरोबर बसलं," मी वाचलं. आणि पुस्तक मिटलं.

माठाच्या तोटीतून थेंब पडत होते. मग प्रल्हाद म्हणाला, "हे काय! म्हणजे आई सापडली की नाही?"

पायाशी बसलेली रोहिणी वळलीसुद्धा नाही.

"सापडली ना रे, बावळट," ती म्हणाली.

जूनमध्ये शाळा उघडल्या. वर्ष-दीड वर्षाने खंडागळे साहेबांची पुन्हा बदली झाली. मुलांसाठी मी नंतर बरीच वर्षं वाचलं, पण नीट छापलेली, नीट शिवलेली पुस्तकंच. निळं पुस्तक कपाटाच्या मागच्या रांगेत ठेवून दिलं. लेखक नसलेलं पुस्तक दुसऱ्यांदा तोंडासमोर धरायचा धीर मला झाला नाही.

आणि मग ते पत्र. त्यालाही आता कितीतरी वर्षं झाली. 'आठवतं तसं लिहून पाठवाल का' असं तिने विचारलं होतं. पण मी लिहिलं तर तिला कळणार की पुस्तक नव्हतंच. लहानपणीची एकच गोष्ट तिने मुलासाठी जपून ठेवलेली, ती मी खोटी ठरवणार. त्यापेक्षा म्हाताऱ्याने उत्तर दिलं नाही, विसरला असेल, वारला असेल, असं तिला वाटलेलं बरं.

माझे दिवस तसे शांत जातात. सकाळी पेपर मोठ्याने वाचतो. नाहीतर संध्याकाळपर्यंत स्वतःचा आवाजही ऐकायला मिळत नाही. गेल्या महिन्यात वाचनालयातली नवी मुलगी, प्रज्ञा, घरी आली. हातात पिशवी.

"काका, तुमची मदत हवीय. लहान मुलांना वाचून दाखवण्याजोगी पुस्तकं घ्यायचीत. लोक म्हणतात, तुम्ही वाचायचात तेव्हा खिडकीतसुद्धा पोरं बसायची. तुमची आवडती सांगा ना."

मी आठवतील तेवढी सांगितली. तिने मोबाइलमध्ये टिपून घेतली. मग पिशवीतून एक पुस्तक काढून टेबलावर टाकलं. फाटक्या वर्तमानपत्री कव्हरातून दिसणारं निळं रेक्झिन, कडा वाळवीने खाल्लेल्या.

"आणि ही गंमत बघा. रद्दीत काढलंय. अर्धं अस्वल, अर्धी होडी. बाइंडरने काय करून ठेवलंय!"

"हो. आ... आकडे जुळलेत ना, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही."

"लक्षात येत नाही?" प्रज्ञा हसली. "काय काका! पान उलटलं की कळतं. चौथीतल्या पोरालासुद्धा कळेल."

तिने आणखी काय काय विचारलं, मी काय उत्तरं दिली, आठवत नाही. ती गेल्यावर मी पुस्तक हातात घेऊन बसलो. वर्तमानपत्राचं कव्हर तसंच होतं, पिवळं पडलेलं, एका कोपऱ्यात तेलाचा डाग. असं कव्हर घालायचं तर पुस्तक पूर्ण उघडावं लागतं. आणि मे महिन्याच्या दुपारी पापड लाटायला बसवलेल्या मुलीला मंगळवारपासून शनिवारपर्यंत बत्तीस पानं उलटायला वेळ मिळाला नाही, यावर मी इतकी वर्षं विश्वास ठेवला होता. कारण मला तो ठेवायचा होता.

तिला माहीत होतं. गुहेत समुद्र नाही हे, आणि पुस्तकात शेवटच नाही हेही. हे माहीत असूनच ती म्हणाली होती, काका, नीट वाचा हं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेजवळच्या दुकानातून रेघा नसलेले जाड कागद आणले. लिहायला तीन आठवडे लागले. अक्षर आता थरथरतं, पण लहान मुलांसाठी म्हणून मोठं काढलं. साळिंदराचं बोलणं पूर्ण आठवेना, ते निळ्या पुस्तकातून घेतलं. पुढचं सगळं आठवत होतं. प्रत्येक पान लिहून झालं की मोठ्याने वाचून पाहायचो. खालच्या बिऱ्हाडात आता दुसरी माणसं आहेत. सुईदोऱ्याने मधोमध शिवलं. पहिल्या पानावर 'गुहेतला समुद्र' लिहिलं. त्याखाली लेखकाचं नाव येतं. ती जागा कोरीच ठेवली.

सोबत चिठ्ठी : 'चि. रोहिणीस, उत्तराला फार उशीर झाला. मधलं सुटलेलं सगळं यात आहे. शेवट तुला ठाऊक आहेच.' तिचा मुलगा आता वाचून दाखवण्याच्या वयाचा राहिला नसेल, मिशा फुटल्या असतील त्याला. ती त्या पत्त्यावर राहते का, तेही माहीत नव्हतं. तरी पोस्टात गेलो.

खिडकीतल्या तरुणाने पाकीट काट्यावर ठेवलं. "आत काय आहे, बाबा?"

"पुस्तक."

"मग बुक पोस्टने टाका, स्वस्त पडेल. छापील आहे ना?"

"नाही. हाताने लिहिलंय."

"मग ते पुस्तक नाही धरत. पत्र म्हणून जाईल."

"पत्रच आहे," मी म्हणालो. "उत्तर आहे."

त्याने पाकीट उलटून पाहिलं आणि पेनासकट माझ्याकडे परत सरकवलं. "पाठवणाऱ्याचं नाव राहिलंय बघा. नावाशिवाय नाही घेता येत."

मी काउंटरवर वाकून नाव लिहिलं. पूर्ण लिहिलं, दिगंबर केशव शिरोडे. त्याने शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.